न बदलणारे भिंग

दोन कॅमेऱ्यांपैकी कोणता घ्यावा हा प्रश्न दुकानदाराला विचारण्याचा. त्यासाठी मासिकाची पाने कशाला खर्ची घालावीत, असे कोणी म्हणाल्यास त्याला दोष देता येणार नाही. तथापि गेले काही महिने आमच्या कचेरीतील तिघाचौघा मराठी मंडळींत हा वाद चालू आहे, आणि तो ज्या वळणाने गेला ते वळण मला दुकानदाराच्या कक्षेबाहेरचे वाटते. कचेरी सुटली की आम्ही इलाइट चौराह्यावर येतो. स्टेशनाकडून शहरात जाणारा आणि शहरातून स्टेशनाकडे येणारा झाशीचा मोठा प्रवाह या चौकातून वाहतो. ऑटो, ई-रिक्षा, मोटारी आणि मधूनच वाहतुकीच्या नियमांविषयी पूर्ण उदासीन असलेली एखादी गाय, यांच्या कडेला उभे राहून कुल्हडातला चहा घेता घेता आमची चर्चा होते. किंमत, वजन, मेगापिक्सेल हे मुद्दे पहिल्या आठवड्यातच संपले. जे उरले ते असे, की माणसाने स्वतःला किती मोकळीक द्यावी, आणि ती कोणाच्या जिवावर घ्यावी?

प्रथम दोन्ही यंत्रांची ओळख करून दिली पाहिजे. रेंजफाइंडर या जातीच्या कॅमेऱ्यात आपण भिंगातून पाहत नाही. वरच्या कोपऱ्यात एक लहानशी काचेची खिडकी असते. तिच्यातून जग जसेच्या तसे दिसते आणि त्या जगावर एक उजळ चौकट तरंगत असते. चौकटीत सापडेल ते चित्रात उतरते. चौकटीबाहेरचेही आपल्याला दिसतच राहते. खिडकीच्या मध्यभागी एका फिकट चौकोनात समोरची वस्तू दुहेरी दिसते, आणि भिंगाचे कडे फिरवून त्या दोन प्रतिमा एकमेकींवर आणून बसवल्या की नेम साधला. हे काम यंत्र करीत नाही, आपण करायचे असते. भिंग मात्र काढता येते, त्या जागी दुसरे लावता येते. जर्मनीच्या लाइका कंपनीने १९५४ साली एम-३ हा कॅमेरा काढला, आणि त्या वेळी ठरलेली भिंग बसवण्याची खाच आजतागायत चालू आहे. त्या काळातील भिंगे आजच्या कॅमेऱ्यावरही बसतात. या जातीला डिजिटल जन्म दिला तो मात्र जपानच्या एप्सनने, २००४ साली. लाइकाचा एम-८ त्यानंतर दोन वर्षांनी आला; एम-११ आला २०२२ साली.

दुसरा पक्ष आटोपशीर कॅमेऱ्याचा. याचे भिंग अंगालाच जडलेले असते, निघत नाही, आणि ते दूरचे जवळही आणीत नाही. ते बहुधा डोळ्याला सहज दिसते त्याहून किंचित रुंद पाहते. फुजीफिल्मचा एक्स-१०० हा २०११ सालचा कॅमेरा आणि २०२४ साली आलेला त्याचा सहावा अवतार, रिकोचा खिशात मावणारा जीआर, खुद्द लाइकाने २०१५ साली काढलेला क्यू, ही या घराण्यातील प्रसिद्ध नावे. येथे नेम यंत्र साधते; समोर चेहरा असेल तर तो चेहरा आहे हेही तेच ओळखते. ज्यांच्या घरी पूर्वी यशिका इलेक्ट्रो-३५ होता त्यांना ठाऊक असेल, की ही दोन घराणी मुळात शत्रू नव्हेत. १९६६ च्या त्या यंत्रात रेंजफाइंडरची खिडकीही होती आणि भिंगही न निघणारे होते. पुढे वाटण्या झाल्या, आणि भाऊबंदकी ही नेहमी वाटण्यांनंतर सुरू होते.

आता पैशाचे. सरकारी नोकराला पैशाचा विचार नियमासकट करावा लागतो. केंद्रीय नागरी सेवा (आचरण) नियम, १९६४, यांतील अठराव्या नियमाच्या तिसऱ्या पोटनियमाप्रमाणे दोन महिन्यांच्या मूळ वेतनाहून अधिक किमतीची जंगम वस्तू घेतली तर महिन्याच्या आत वरिष्ठांस कळवावे लागते. माझ्या श्रेणीच्या माणसाला नवा आटोपशीर कॅमेरासुद्धा या रेषेपलीकडे नेतो. नवा लाइका ती रेषा इतकी मागे टाकतो, की वरिष्ठांस कळवताना त्यांच्याही भिवया उंचावतील. तेव्हा आमच्यापुढचा खरा पर्याय जुन्या बाजारातील रेंजफाइंडर आणि नवा आटोपशीर कॅमेरा यांतला आहे. जुन्या बाजारात बहुधा एम-८ भेटतो. तो अदृश्य तांबड्याअलीकडील किरणांनाही इतका हळवा आहे, की भिंगावर विशिष्ट काच बसवली नाही तर काही काळे कापड जांभळे उमटते. झाशीच्या न्यायालयाबाहेरील वकीलमंडळी जांभळ्या कोटांत उभी असलेली पाहणे हा एक विलक्षण अनुभव होईल. परंतु तो मुद्दा निर्णायक नव्हे.

निर्णायक मुद्दा काढला तो लेखा शाखेतील माझ्या स्नेह्यांनी. त्यांचा पक्ष रेंजफाइंडरचा. ते म्हणाले, “एकच भिंग वापरायचं हे मलाही मान्य आहे. पण ते मी ठरवून वापरीन. दुसरं लावता येत असताना न लावणं याला संयम म्हणतात. तुमच्या डबीला भिंग निघतच नाही, तिथे संयम कसला?”

या आक्षेपाला उत्तर देणे वाटते तितके सोपे नाही. ज्याला गोड मिळतच नाही त्याने गोड सोडल्याची फुशारकी मारू नये, हे आपल्याकडे शेंबडे पोरही जाणते. त्याग म्हणायचा तर हातात असलेल्या वस्तूचाच म्हणावा लागतो. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ याच्याजवळ भिंगे बदलता येणारा लाइका होता, आणि तरी आयुष्यातील बहुतेक काम त्याने पन्नास मिलिमीटरच्या एका भिंगावर केले. ३० जानेवारी १९४८ रोजी तो दिल्लीत बिर्ला भवनात गांधीजींना भेटला, न्यूयॉर्कला झालेल्या आपल्या प्रदर्शनाची पुस्तिका त्याने त्यांना दाखवली. त्यानंतर थोड्याच वेळात गांधीजींचा खून झाला. पुढची अंत्ययात्रेची त्याची छायाचित्रे जगाने पाहिली. त्या लोटलेल्या गर्दीत दूरचे जवळ आणण्याचा मोह कोणाला झाला नसता? मोह शक्य असताना तो आवरणारा हा मनुष्य, आणि मोहाचे दारच विकत न घेणारे आम्ही. दोघांना एका पंक्तीला बसवणे योग्य नव्हे, असे माझ्या मित्रांचे म्हणणे. ते खोडून काढता येत नाही.

परंतु त्यांच्या बाजूलाही एक लंगडेपणा आहे, आणि तो बाजाराने उघडा केला आहे. २०१२ साली लाइकाने केवळ कृष्णधवल चित्रे घेणारा कॅमेरा काढला. रंग त्याला घेताच येत नाहीत. २०१६ साली पाठीमागचा पडदाच काढून टाकलेला एक डिजिटल कॅमेरा आणला, म्हणजे काढलेले चित्र तिथल्या तिथे पाहण्याची सोय नाही. पडदा असलेल्या त्याच जातीच्या कॅमेऱ्याहून तो महाग होता. कमी द्यावे, अधिक घ्यावे, आणि घेणाऱ्याने त्याला साधना म्हणावे! हे विकतचे वैराग्य आहे. पूर्वी वैराग्य येण्यासाठी घर सोडावे लागे. आता घर गहाण ठेवावे लागेल. रेंजफाइंडरच्या खिडकीत तत्त्वज्ञान पाहणाऱ्या पुष्कळांना त्या तत्त्वज्ञानाबरोबर त्याच्या लाल ठिपक्याचीही ओढ असते, हे म्हणायला मी भीत नाही.

मग खरे व्रत कोणते? मोडता येते आणि मोडले जात नाही ते, की मोडण्याची शक्यताच आधी काढून टाकलेली असते ते? पहिल्याचा आदर्श आपल्या घरचा आहे, भीष्माचा. दुसऱ्याचा आदर्श ग्रीकांचा. जलकन्यांचे गाणे ऐकले की खलाशी वेडे होऊन समुद्रात उड्या घेतात हे ठाऊक असल्याने ओडिसियसने स्वतःला जहाजाच्या डोलकाठीला बांधून घेतले. वल्हेकऱ्यांच्या कानांत मेण घातले आणि त्यांना सांगून ठेवले, की मी ओरडलो तरी सोडू नका, आणखी घट्ट बांधा. त्याला स्वतःचा भरवसा नव्हता, आणि भरवसा नाही हे त्याला ठाऊक होते. भीष्माला स्वतःचा पूर्ण भरवसा होता. आपण सर्व मराठी माणसे लहानपणापासून भीष्माच्या बाजूने आहोत. दोर बांधून घेणारा ग्रीक आपल्याला थोडा हिशेबी, थोडा कारकुनी वाटतो. मी कारकूनच असल्याने मला तो जवळचा वाटतो हा भाग निराळा.

परंतु भीष्माची कथा शेवटपर्यंत पाहिली पाहिजे. सत्यवतीच्या मुलांना राज्य मिळावे म्हणून त्याने प्रतिज्ञा केली. ती मुले निपुत्रिक मेली. जिच्यासाठी व्रत घेतले ती सत्यवतीच पुढे त्याला व्रत सोडण्याची विनवणी करू लागली. त्याने सोडले नाही. आणि पुढे भरसभेत द्रौपदी प्रश्न विचारीत उभी असता तो धर्माची गती सूक्ष्म आहे असे सांगत बसला. मला नेहमी वाटते, की मोडता येण्याजोगे व्रत आयुष्यभर सांभाळणाऱ्या माणसाची दृष्टी हळूहळू त्या व्रतावरच खिळून राहते. समोर उभे असलेले माणूस तिला अंधुक दिसू लागते. “मी दुसरे भिंग लावले नाही” हे वाक्य, कितीही खरे असले तरी, “मी” या शब्दाने सुरू होते.

आणि येथेच आमच्या वादाने चौकातले वळण घेतले. मे महिन्यातील दुपार. झाशीचा उन्हाळा ज्यांनी भोगला आहे त्यांना वर्णनाची गरज नाही. ज्यांनी भोगला नाही त्यांनी पंचेचाळीस अंश हा आकडा उच्चारून गप्प बसावे. अशा दुपारी चौराह्याच्या कडेला सावलीचा एक तुकडा पाहून ई-रिक्षाचा एखादा चालक गाडीतच आडवा होतो. पाय बाहेर लोंबत, तोंड उघडे, एक हात मिळकतीच्या पिशवीवर. चित्र म्हणून ते दृश्य फारच चांगले असते. आमच्यापैकी एकाने ते काढलेही, मित्रांच्या आटोपशीर कॅमेऱ्याने, आवाज बंद करून, हातभर अंतरावरून. चालक जागा झाला नाही. चित्राची वाहवा झाली. तेव्हा आमच्यात बसणारे एक वृद्ध गृहस्थ आहेत, झाशीतच जन्मलेले, ज्यांचे मराठी अर्धे बुंदेली हेल काढते, त्यांनी ते चित्र बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “भाऊ, झोपलेल्या माणसाचं तोंड त्याचं नसतं हो. ते घरच्यांनी पाहायचं असतं.”

त्या वाक्याने आमच्या सहा आठवड्यांच्या तर्काची बैठकच हलली. तोपर्यंत आम्ही कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूने विचार करीत होतो: माझा संयम, माझी मोकळीक, माझे शिक्षण, माझे चित्र. भिंगाच्या पुढच्या बाजूला जो बसला आहे त्याला माझे व्रत मोडता येण्याजोगे आहे की नाही याच्याशी काय कर्तव्य? त्याला इतकेच पाहायचे असते, की हा मनुष्य किती जवळ आला, आपल्याला कळू देऊन आला की न कळू देता, आणि यंत्राकडे पाहतो आहे की आपल्याकडे. कायदा येथे फारसा उपयोगी पडत नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला हे खरे. पण भर चौकात झोपलेल्या माणसाच्या उघड्या तोंडाचे काय करायचे हे कोणी वकिलाला विचारायला जात नाही.

पुढच्या बाजूने पाहू लागल्यावर दोन्ही यंत्रे निराळी दिसू लागली. प्रथम त्यांचे साम्य दिसले. दोघांनाही दुरून शिकार करता येत नाही. हातभर लांब नळीचे भिंग लावून रस्त्यापलीकडील बाईच्या कपाळावरचा घाम टिपणारे छायाचित्रकार किल्ल्याच्या पायथ्याशी हंगामात पुष्कळ दिसतात. ते ज्याचे चित्र घेतात त्याला त्याचा पत्ताही नसतो. आमच्या दोन्ही पक्षांत जवळ जाणे भाग आहे, आणि जवळ जाणाऱ्याला निदान “काय हो?” असे विचारले जाण्याचा धोका पत्करावा लागतो. हा धोका मला मोलाचा वाटतो.

मग भेद. रेंजफाइंडर परंपरेने सत्तर सेंटिमीटरच्या आत नेम साधू शकत नाही. एका माणसाच्या लांबवलेल्या हाताइतके अंतर तो राखतो. आटोपशीर कॅमेऱ्यांपैकी काही पार वीतभर अंतरापर्यंत जातात. रेंजफाइंडर डोळ्याला लावला की खिडकी कोपऱ्यात असल्याने अर्धा चेहरा उघडा राहतो, समोरच्याला आपला एक डोळा दिसतो. पडदा पाहून चित्र काढणाऱ्याचा सगळा चेहरा उघडा असतो, परंतु त्याची नजर पडद्यावर असते. समोर बसून दुसरीकडेच बघत बोलणाऱ्या अधिकाऱ्यापुढे जो कधी अर्ज घेऊन उभा राहिला आहे, त्याला या दोहोंतला फरक समजावून सांगावा लागणार नाही. दोन प्रतिमा एकमेकींवर आणण्याचे कामही असेच आहे. त्याला क्षणभर वेळ लागतो, आणि त्या क्षणात समोरच्याला नाही म्हणण्याची, निदान तोंड फिरवण्याची सवड मिळते. आपोआप नेम साधणारे यंत्र ती सवड देत नाही. या हिशेबात माझे लेखा शाखेतील मित्र जिंकतात, हे मी त्यांना चौकातच सांगून टाकले.

चौकटीबाहेरचे दिसते, या गुणाचे मोल मात्र मला सर्वांत अधिक वाटते, आणि ते झाशीत राहून कळते. या शहरात १८५८ साल भिंतीभिंतीत आहे. त्या वर्षीच्या वसंतात फेलिचे बेआतो हा युद्धाची छायाचित्रे घेणारा गृहस्थ लखनौस पोचला. सिकंदर बागेतील लढाई आदल्या नोव्हेंबरात होऊन गेली होती. त्याने काढलेल्या चित्रात मोडक्या इमारतीपुढे अंगणभर सांगाडे विखुरलेले दिसतात. पुढे समकालीनांच्या लेखनावरून उघड झाले, की ती हाडे छायाचित्रासाठी बाहेर काढून मांडलेली होती. चौकटीच्या आत मेलेले शिपाई आहेत. ज्यांनी ती हाडे उकरली आणि पसरली ते हात चौकटीच्या बाहेर आहेत. त्याच वसंतात कोकणातील वरसईचे विष्णुभट गोडसे झाशीच्या वेढ्यात अडकलेले होते. उत्तरेत यज्ञ होणार, दक्षिणा मिळेल, घरचे कर्ज फिटेल, एवढ्या आशेने निघालेला हा भिक्षुक. त्यांच्याजवळ कॅमेरा कुठला असणार! त्यांनी पाहिले ते डोळ्यांनी, लिहिले ते पंचवीसएक वर्षांनी, आणि “माझा प्रवास” छापून निघाले १९०७ साली, चिंतामणराव वैद्यांच्या हातून. पण त्या लेखनात लुटीची भीती आहे, भूक आहे, लपून बसणे आहे, आणि हे सगळे पाहणारा मनुष्य किती भ्यालेला होता तेही आहे. ज्याचे चित्र घ्यायचे त्याच्याबरोबर चित्र घेणाराही त्यात आहे. राणीचे म्हणून जे छायाचित्र सर्वत्र फिरते ते तिचेच असल्याचे इतिहासाने निर्विवाद मान्य केलेले नाही. गोडसे भटजींची राणी मात्र आपण ओळखतो.

खिडकीत बाहेरचे दिसले म्हणून छायाचित्रकार प्रामाणिक होईल असे मी म्हणत नाही. बेआतोला त्याने काय केले हे खिडकीशिवायच ठाऊक होते. मात्र आपण काय वगळले हे “दिसलेच नाही” असे म्हणण्याची पळवाट ती खिडकी बुजवते. पडद्यावर केवळ चौकटीतलेच जग असते. तेथे वगळणे इतके सहज होते की वगळले हेच कळत नाही. चौराह्यावर एका कोपऱ्यातून चित्र घेतले तर झाशी हे ऐटबाज शहर दिसेल; दोन पावले सरकून घेतले तर गटारावर वसलेले गाव दिसेल. आपण परगावी राहणारी माणसे हे भिंगाशिवायही करीत असतो. तीन वर्षांनी बदली होते, गाव बदलते, आणि आपण प्रत्येक गावाकडे पुण्या-साताऱ्याच्या त्याच भिंगातून पाहत राहतो: येथे पोळीला चव नाही, येथील लोक मोठ्याने बोलतात, येथे नाटक नाही. चौकटीबाहेर काय राहिले हे पाहण्याची खिडकी आपल्या कवटीला बसवलेली नाही. ती यंत्राला असेल तर थोडे महाग पडले तरी चालेल, असे एखाद्या संध्याकाळी मला खरोखर वाटले.

होमाई व्यारावाला या बाबतीत मला फार आठवतात. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या, दिल्लीत अनेक वर्षे काम केलेल्या या पहिल्या भारतीय स्त्री वृत्तछायाचित्रकार. त्यांच्या हातात पुष्कळदा रोलायफ्लेक्स असे. त्याचे भिंग निघत नाही, आणि तो कमरेशी धरून वरून आत पाहावे लागते. म्हणजे ज्याचे चित्र घ्यायचे त्याच्यापुढे मान लवते. योजून केलेली गोष्ट नव्हे, यंत्राची रचनाच तशी. १९७० साली त्यांनी छायाचित्रण सोडले ते सोडलेच. नव्या छायाचित्रकारांच्या वागण्यात रीतभात उरली नाही, असे त्या पुढे सांगत. त्या काळच्या यंत्रांत आजच्या मानाने काहीच नव्हते, आणि तरी त्यांची तक्रार यंत्रांविषयी नव्हती.

तेव्हा मी माझा निर्णय सांगतो. तो सर्वांना लागू आहे असे मी समजत नाही. मी न निघणाऱ्या भिंगाचा कॅमेरा घेणार आहे, आणि त्यातही ज्याला कोपऱ्यात काचेची खिडकी आहे आणि तीत चौकटीबाहेरचे थोडेसे दिसते असा. एक्स-१०० च्या घराण्याने ही एक गोष्ट रेंजफाइंडरकडून उसनी घेतली आहे. दोन प्रतिमा जुळवण्याची ती मोलाची सवड मला यंत्र देणार नाही, ती मला विचारून मिळवावी लागेल, “काढू का?” असे तोंडाने म्हणून. भीष्म होण्याची माझी तयारी नाही. कचेरीतून थकून बाहेर पडलेला मनुष्य समोर चांगले दृश्य दिसताच काय काय करील याचा मला भरवसा देता येत नाही, म्हणून मी दोर आधीच बांधून घेतो. “म्हणजे तुमचा स्वतःवर विश्वास नाही,” असे लेखा शाखेचे मित्र म्हणाले. नाही. त्यांचा त्यांच्यावर आहे, आणि ते जुना एम-८ घेत आहेत. जांभळ्या कोटांची त्यांना मी शुभेच्छा दिली आहे.

आवाजाचे मात्र मी ठरवले आहे. या यंत्रांचा आवाज बंद करता येतो, आणि दुकानदार तो गुण म्हणून सांगतो. जपानात विकल्या जाणाऱ्या फोनांतून छायाचित्र घेतानाचा आवाज सामान्यतः बंद करताच येत नाही. तेथे लोकांनी चोरून चित्रे काढू नयेत म्हणून ही रीत पडली. माझ्या यंत्राचा आवाज मी चालू ठेवणार, जितका मोठा होईल तितका. झोपलेला चालक त्याने जागा झाला तर चित्र बिघडेल. बिघडो.

उरला हिशेब. नवा रेंजफाइंडर आणि माझा कॅमेरा यांच्या किमतींत जे अंतर आहे त्या रकमेच्या, पोस्टकार्डाएवढ्या कागदावर दहा-वीस रुपयांना एक या दराने, किती प्रती निघतील हे आम्ही कुल्हडाच्या तळाशी चहा थंड होईपर्यंत मोजत बसलो होतो. आकडा हास्यास्पद मोठा आला. पूर्वी स्टुडिओत जाऊन चित्र काढले की प्रत चित्रातल्या माणसाला मिळे, काच काढणाऱ्याकडे राहे. आता चित्रातल्या माणसाला काहीच मिळत नाही. हजारो अनोळखी माणसांना मिळते. ज्याचे चित्र घेईन त्याला प्रत नेऊन द्यायची, असे मी म्हणताच आमच्या वृद्ध गृहस्थांनी पहिला हक्क सांगितला. त्यांची अट अशी, की चित्र सकाळी अंघोळ झाल्यावर, घरच्या ओसरीवर खुर्चीत बसून काढायचे, डोळे उघडे असताना. आणि प्रती दोन हव्यात, कारण एक नागपूरला लेकीकडे जायची आहे.